गाठ काढायची की पिशवी?

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या चौकातून धानोरीकडे वळा नाहीतर आळंदी रस्त्याने पुढे जा, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्या दिसत राहतात. त्यांतल्या बऱ्याच पाट्यांवर एक ओळ ठळक असते : दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया. ओळ खोटी नाही. टाके कमी, दुखणं कमी, दोन-तीन दिवसांत घरी, हे सगळं खरंच आहे. पण ती ओळ अर्धीच माहिती देते. ऑपरेशन कसं होणार ते कळतं. काढणार काय, ते कळत नाही. नुसती गाठ, की गाठीसकट गर्भाशयाची अख्खी पिशवी?

गर्भाशयाच्या गाठींवरच्या उपचारांना पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात हे दोन प्रश्न पहिल्यापासून शेजारी शेजारी चालत आले आहेत. पोटावरचा छेद लहान कसा करायचा, हा पहिला. त्याचं उत्तर वैद्यकाने शोधलं, आणि फार चांगलं शोधलं. आत काय शिल्लक ठेवायचं, हा दुसरा. त्याचं उत्तर बाई कोण, राहते कुठे आणि तिच्या वतीने बोलतं कोण, यावर ठरत आलं. पुणे आणि पुण्यापासून काही तासांवरचा बीड जिल्हा, या दोन ठिकाणी एकाच काळात काय घडत होतं ते पाहिलं की हे दुसरं उत्तर किती वेगवेगळं येऊ शकतं ते कळतं.

आधी गाठीबद्दल थोडं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतूनच वाढलेली गाठ. मुगाएवढ्या गाठीपासून नारळाएवढ्या गाठीपर्यंत कोणताही आकार सापडतो, आणि एकाच पिशवीत डझनभर गाठीही सापडतात. हा कॅन्सर नव्हे. पन्नाशीपर्यंत दहातल्या सात-आठ जणींना अशी गाठ असते, असं अमेरिकेतल्या सोनोग्राफीच्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यांतल्या पुष्कळ जणींना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. त्रास होतो तो गाठ कुठे आहे त्यावर. पिशवीच्या आतल्या अस्तराखाली असेल तर लहानशी गाठही पाळीच्या दिवसांत बेसुमार रक्तस्राव घडवते, हिमोग्लोबिन पार खाली आणते. बाहेरच्या अंगाला असेल तर मोठी होऊनही फार तर लघवीच्या पिशवीवर दाब आणते. या गाठी शरीरातल्या स्त्री-हार्मोनांवर पोसतात, त्यामुळे पाळी गेली की बहुतेक गाठी आपणहून आक्रसतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. पंचेचाळिशीच्या बाईला कधी कधी थोडा काळ निभावून नेण्याचीच गरज असते.

नोव्हेंबर १८४३. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये चार्ल्स क्ले नावाच्या शल्यविशारदाने एका बाईचं पोट उघडलं. बीजांडकोशाची गाठ काढायची, असा त्याचा बेत होता. उघडल्यावर दिसलं ते गाठींनी भरलेलं गर्भाशय. मागे फिरणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने ते काढलं. ऑपरेशनात भूल देणं अजून रुळायचं होतं. बॉस्टनमधलं ईथरचं गाजलेलं प्रात्यक्षिक व्हायला आणखी तीन वर्षं होती. ती बाई वाचली नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी वॉशिंग्टन आणि जॉन ॲटली या डॉक्टर भावांनी वेगळी वाट धरली. त्यांनी फक्त गाठ काढली, गर्भाशय जागेवर ठेवलं, आणि बाई जगली. गर्भाशय काढूनही बाई जगल्याचं पहिलं उदाहरण १८५३ चं. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल इथे वॉल्टर बर्नम ऑपरेशन करत असताना भूल दिलेल्या बाईला उलटीचा उमाळा आला आणि त्या जोराने गाठीसकट गर्भाशय छेदातून बाहेर आलं. ते परत आत बसवता येईना. त्याने रक्तवाहिन्या बांधल्या आणि ते काढून टाकलं. बाई बरी झाली. त्याच गावच्या गिल्मन किंबलने त्याच वर्षी तेच ऑपरेशन ठरवून, गाठीसाठी म्हणून केलं. त्यानंतर बर्नमने असं ऑपरेशन केलेल्या बहुतेक बायका मात्र दगावल्या.

म्हणजे नुसती गाठ यशस्वीपणे काढण्याचं काम अख्खी पिशवी यशस्वीपणे काढण्यापेक्षा नऊ वर्षांनी जुनं आहे. तरीही पुढची शंभर वर्षं दुसरीचीच सरशी झाली. त्याला कारण होतं. गाठ स्नायूत रुतलेली असते. ती सोलून काढताना रक्त वाहतं, उरलेली पोकळी थरांनी शिवावी लागते, वेळ लागतो. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या मात्र ठराविक जागी असतात; त्या बांधल्या की ते काढणं हिशेबाचं काम. लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ नंतर रुळली, भूल सुरक्षित झाली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गर्भाशय काढणं हे कुशल सर्जनचं रोजचं ऑपरेशन बनलं. एकदा काढलं की गाठ पुन्हा येणार नाही, रक्तस्राव होणार नाही, बाई पुन्हा तक्रार घेऊन येणार नाही. मुलं झालेल्या बाईला त्या अवयवाचा आणखी काय उपयोग, हा प्रश्न उत्तराची वाट न पाहता विचारला जाऊ लागला. आपल्याकडे आजही तो सासू विचारते, नवरा विचारतो आणि कधी कधी डॉक्टरही विचारतात.

या प्रवाहाविरुद्ध उभा राहिलेला मोठा माणूस म्हणजे लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचा व्हिक्टर बॉनी. त्याच्या हट्टामागे घरचं दुःख होतं. त्याच्या पत्नीचं गर्भाशय गाठींमुळे तरुण वयातच काढावं लागलं होतं आणि त्यांना मूल झालं नाही. बॉनीने गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरणारा चिमटा तयार केला, म्हणजे गाठ सोलताना रक्त वाहणार नाही. एका बाईच्या गर्भाशयातून त्याने २२५ गाठी काढल्या आणि गर्भाशय राखलं. १९४६ साली त्याने या तंत्राच्या बारकाव्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. स्त्रीरोग-शस्त्रक्रियेच्या ज्या ग्रंथावर त्याचं नाव आहे त्याच्या नव्या आवृत्त्या नंतरही निघत राहिल्या.

मुंबईत हा विचार परका नव्हता. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयाचं तोंड अवेळी उघडून गर्भ पडू नये म्हणून घालायचा टाका १९५५ मध्ये जगापुढे मांडला. तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. अंग बाहेर येण्याच्या आजारात तरुण बाईचं गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवायची शिरोडकरांची पद्धत आणि पुरंदरे यांची पद्धत, दोन्ही मुंबईत घडल्या. अवयव राखून दुखणं बरं करणारी ही परंपरा आपल्याच घरची. तिचा विसर नंतर पडला.

तोवर छेद लहान करण्याची धडपड जर्मनीत सुरू झाली होती. कील विद्यापीठातले कुर्ट झेम स्त्रीरोगतज्ज्ञ होते, पण डोकं कारागिराचं. पोटात कार्बन डायऑक्साइड मोजून सोडणारं स्वयंचलित यंत्र, दुर्बिणीतून दोऱ्याची गाठ मारायच्या युक्त्या, गाठीचे तुकडे करून बाहेर काढायची अवजारं, असं एकामागून एक ते बनवत गेले. सत्तरच्या दशकात त्यांनी बाहेरच्या अंगाच्या गाठी दुर्बिणीतून काढायला सुरुवात केली. सप्टेंबर १९८० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा जर्मन सर्जन मंडळी खवळली. त्यांचा परवाना काढून घ्या अशी मागणी झाली. या माणसाच्या मेंदूत काही बिघाड तर नाही ना, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना मेंदूचा स्कॅन करून घ्यायला लावलं, असंही सांगतात.

भारतात दुर्बीण आली ती आणखी वेगळ्या दाराने. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये निदानासाठी ती वापरायला घेतली. पण खेड्यातल्या बाईच्या पोटापर्यंत दुर्बीण पोहोचली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. नळी बांधायला दुर्बीण सोयीची होती : छोटा छेद, काही मिनिटांचं काम, रांगेत पुढची बाई तयार. मुंबईचे डॉ. पी. व्ही. मेहता यांनी १९८९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. एकट्या डॉक्टरने दुर्बिणीतून केलेल्या २,५०,१३६ नसबंदी शस्त्रक्रियांचा तो अहवाल होता. आकडा छापण्याची चूक नाही. कौशल्य म्हणून हे थक्क करणारं आहेच. पण सरकारी यंत्रणा ठरवते तेव्हा दुर्बिणीचं तंत्र अगदी आडगावापर्यंत जाऊ शकतं, हे त्याने सिद्ध केलं. आणि कशासाठी नेलं गेलं, तेही. ज्या बाईची नळी दुर्बिणीतून बांधायला डॉक्टर गावात आला, तिच्याच अंगावरून महिनोन्महिने जात होतं तेव्हा कोणी फिरकलं नाही.

१९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने अख्खं गर्भाशय काढलं. ३१ मे १९९० रोजी उडवाडियांनी जे. जे. मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. विकसनशील देशांतली ती पहिली अशी शस्त्रक्रिया मानली जाते. त्यानंतर मुंबई-पुण्यात हे तंत्र झपाट्याने पसरलं. इथेच ती गफलत सुरू झाली जी अजून संपलेली नाही. दुर्बिणीने गाठ काढणं सोपं केलं, तसंच पिशवी काढणंही सोपं केलं. उलट पोकळी थरांनी शिवायचं काम दुर्बिणीतून जास्तच अवघड. त्यामुळे ज्याचा हात त्या शिवणीवर बसलेला नाही, त्याच्यासाठी पिशवी काढणं हाच बिनधोक मार्ग ठरला. कमी छेदाचं ऑपरेशन आणि कमी नुकसानीचं ऑपरेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑपरेशन नीट झालं तरी नुकसान होऊ शकतं, हे पुण्याने १९९४ मध्ये फार कडवटपणे पाहिलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर इथल्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढायचं प्रशासनाने ठरवलं. त्यांना गाठी नव्हत्या, रक्तस्राव नव्हता. पाळीच्या दिवसांत स्वच्छता सांभाळता येत नाही, हे कारण. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ससून रुग्णालयात अकरा मुलींची ऑपरेशनं उरकली गेली. स्त्री-संघटना आणि आरोग्य-चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर आले, देशभर ओरड झाली, तेव्हा उरलेली थांबली. पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि इतरांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. ऑपरेशनं करणारे हात निष्णात होते, जखमा व्यवस्थित भरल्या. तंत्रात कुठेही खोट नव्हती. खोट होती ती ही, की मुलींची पाळी ही व्यवस्थेची अडचण मानली गेली आणि अडचण दूर करायला अवयव काढला गेला. शिरूर आणि पुढचं बीड यांना जोडणारा धागा हाच.

गंमत अशी की त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९५ मध्ये, पॅरिसहून एक अगदी वेगळी बातमी आली. लॅरिब्वाझियेर रुग्णालयातले झाक राविना आणि त्यांचे सहकारी गाठी काढण्यापूर्वी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून एक पूर्वतयारी करत असत. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी सरकवत गर्भाशयाच्या धमनीपर्यंत न्यायची आणि तिथे मिलिमीटरच्या अंशाएवढे प्लास्टिकसारखे कण सोडायचे. गाठीचं रक्त तुटतं. मग सावकाश ऑपरेशन. पण बायका ऑपरेशनला येईनात. त्रास थांबला होता, मग पोट कशाला उघडायचं? राविनांनी बायकांचं ऐकलं. ‘लॅन्सेट’मधल्या त्यांच्या छोट्याशा निबंधात सोळा बायकांची हकिगत होती, त्यांतल्या अकरा जणींच्या तक्रारी पूर्ण थांबल्या. या सबंध इतिहासात रुग्ण बाईच्या नकारातून जन्मलेला उपचार हा एवढाच.

धमनी बंद करण्याच्या या पद्धतीत टाका नाही, पूर्ण भूल नाही. ती स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, रक्तवाहिन्यांमध्ये काम करणारे रेडिओलॉजिस्ट करतात. रक्त तुटलेली गाठ मरते तेव्हा पहिले एक-दोन दिवस चांगलंच दुखतं, त्याची तयारी ठेवावी लागते. नंतरच्या महिन्यांत गाठ साधारण निम्म्यापर्यंत आक्रसते. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. जवळपास दोन-तृतीयांश बायकांना पिशवी काढावी लागली नाही. म्हणजेच उरलेल्या एक-तृतीयांशांना काढावी लागली, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांना बहुतेक तज्ज्ञ या वाटेने नेत नाहीत, गाठ सोलून काढणंच पसंत करतात.

यानंतर पर्याय भराभर वाढले. अस्तराखालची गाठ योनीमार्गे दुर्बीण घालून खरवडून काढायची पद्धत रॉबर्ट न्यूवर्थ यांनी १९७६ मध्येच मांडली होती. तिच्यात पोटावर छेदच नाही. ती आता शहरांत सर्रास होते. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने एमआरआय यंत्रात बाईला झोपवून, बाहेरूनच ध्वनिलहरी गाठीवर एकवटून ती भाजून काढणाऱ्या उपकरणाला मान्यता दिली. गाठीत सुई घालून तिला उष्णता देणारी यंत्रं आली. हार्मोन सोडणारी, तांबीसारखी बसवायची साधनं रक्तस्राव आटोक्यात ठेवू लागली. गोळ्यांचा प्रवास चढउताराचा झाला : युलिप्रिस्टल युरोपात २०१२ मध्ये थाटात आली आणि काही बायकांच्या यकृताला गंभीर इजा झाल्यावर २०२० मध्ये थांबवली गेली; नंतर तिचा वापर अगदी मर्यादित झाला. रेलुगोलिक्स असलेल्या मिश्र गोळीला अमेरिकेत मे २०२१ मध्ये परवानगी मिळाली.

छेद लहान करण्याची एक किंमतही मधल्या काळात उघडी पडली. मोठी गाठ सेंटिमीटरभराच्या छिद्रातून बाहेर कशी काढायची? नव्वदच्या दशकात त्यासाठी फिरत्या पात्याचं विजेवर चालणारं यंत्र आलं. ते गाठ पोटातल्या पोटात कापून तिच्या पट्ट्या बाहेर ओढतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये बॉस्टनमधल्या एमी रीड या भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईचं असं ऑपरेशन झालं. साधी गाठ समजून जे कापलं गेलं त्यात कॅन्सर लपलेला होता, आणि यंत्राने तो पोटभर पसरवला. तिने आणि तिच्या नवऱ्याने लढा दिला. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१४ मध्ये आधी सावधगिरीचा आणि मग कडक इशारा दिला. गाठीसाठी ऑपरेशन होणाऱ्या साडेतीनशे बायकांमागे एकीत असा छुपा कॅन्सर असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. नंतरच्या काही अंदाजांत हे प्रमाण बरंच कमी आलं, पण एका मोठ्या कंपनीने आपली यंत्रं बाजारातून काढून घेतली आणि गाठ आधी थैलीत बंद करून मगच कापायची शिस्त आली. एमी रीड मे २०१७ मध्ये गेल्या.

त्याच मे महिन्यात, १८ आणि १९ तारखांना, पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने भारतातली पहिली दोन गर्भाशय-प्रत्यारोपणं केली. पहिली रुग्ण सोलापूरची एकवीस वर्षांची तरुणी होती. गर्भाशय तिच्या आईने दिलं. पुणतांबेकरांचं नाव त्याआधी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर दुर्बिणीतून करायच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जगात झालेलं होतं. त्यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत ‘पुणे तंत्र’ म्हणून ओळखली जाते. तेच कौशल्य इथे उलट्या दिशेने वापरलं गेलं : दात्या आईचं गर्भाशय रक्तवाहिन्यांसकट, दुर्बिणीतून, अखंड बाहेर काढायचं, म्हणजे ते लेकीला बसवता येईल. दुसऱ्या दिवशी ज्या गुजराती तरुणीवर शस्त्रक्रिया झाली, तिने १८ ऑक्टोबर २०१८ रोजी याच रुग्णालयात मुलीला जन्म दिला. वजन १,४५० ग्रॅम. प्रत्यारोपित गर्भाशयातून जन्मलेलं भारतातलं हे पहिलं मूल.

नेमक्या याच दोन-तीन वर्षांत बीड जिल्ह्यात काय चाललं होतं? एप्रिल २०१९ मध्ये ‘बिझनेसलाइन’ या दैनिकाने तिथल्या ऊसतोडणीच्या गावांमधून वृत्तांत छापला आणि पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या काढलेल्या पिशव्यांचा प्रश्न देशापुढे आला. खरं तर स्थानिक कार्यकर्त्या आधीपासून बोलत होत्या. राज्य महिला आयोगाच्या २०१८ च्या पाहणीत दोनशे ऊसतोड बायकांपैकी ३६ टक्के बायकांची पिशवी काढलेली आढळली होती. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा दिला : तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. हा आकडा सगळ्याच बायकांचा, फक्त ऊसतोड कामगारांचा नव्हे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांची नोंद झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांमध्ये हे प्रमाण तीनच्या आसपास आहे.

कारणं समजायला फडावरचा हिशेब माहीत हवा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयत्याला उचल देतो. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात चार-सहा महिने राहते. पहाटे तोडणी, मग मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे साधारण पाचशे रुपये उचलीत चढतात. पाल म्हणजे प्लास्टिकचा आडोसा. संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. मग जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. गावी परतल्यावर बाई तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल. या तीन वाक्यांपैकी तिसरं निर्णय करून टाकतं. नळी आधीच बांधलेली असते. उचलीतून किंवा व्याजाने पैसे उभे राहतात, आणि पाळीही जाते, खाडाही जातो.

या बायकांपैकी पुष्कळ जणींना गाठ नव्हतीच, किंवा असलेली गाठ त्रासाचं कारण नव्हती. संसर्गाला प्रतिजैविकं पुरतात. कॅन्सरची भीती घालवायला गर्भाशयमुखाची साधी तपासणी आहे. त्या पायरीवर कोणी थांबलं नाही. पुण्या-मुंबईत जो पर्यायांचा जिना उभा राहिला होता, त्याची शेवटची पायरीच या बायकांना पहिली म्हणून दाखवली गेली. पुढचे हाल दिसायला वेळ लागतो : बीजांडकोशही काढले असतील तर तिशीतच पाळी गेल्याची सगळी लक्षणं, ठिसूळ होत जाणारी हाडं, हृदयविकाराचा वाढलेला धोका. बीजांडकोश राखले तरी ते लवकर थकू शकतात. आणि मोळी तर डोक्यावर असतेच.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत उभं राहिलं. या विभागाचं पुण्यातलं सामाजिक न्याय भवन येरवड्याहून विश्रांतवाडीकडे जाताना मेंटल कॉर्नरला लागतं, आणि साखर आयुक्त बसतात शिवाजीनगरच्या साखर संकुलात. या बायकांबद्दलचे निर्णय घेणारे पुण्यातच आहेत, हे पुणेकरांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल दिला. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानमधल्या अशाच ऑपरेशनांवर होती. केंद्राने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश झाला. जून २०२५ मध्ये बीडच्या आरोग्य विभागाच्या तपासणीचे आकडे बाहेर आले : ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांपैकी ८४३ जणींची पिशवी काढलेली होती आणि त्यांतल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वर्षांच्या होत्या.

माझं मत सांगायचं तर परवानगीच्या कागदाने हे अर्धंच थांबेल. परवाना ऑपरेशन रोखतो, पर्याय देत नाही. जिल्हा रुग्णालयात योनीमार्गे गाठ काढणारी दुर्बीण आणि ती चालवणारा हात, धमनी बंद करणाऱ्या डॉक्टरकडे पुण्याला किंवा संभाजीनगरला पाठवायची सोय, आणि त्याहून आधी फडावर संडास, पाणी आणि पाळीतली बिनखाड्याची सुट्टी, हे झालं नाही तर बाई दुसऱ्या तालुक्यात जाऊन पिशवी काढून येईल.

विश्रांतवाडी, कळस, टिंगरेनगर, धानोरीच्या बायकांपुढे हा नाइलाज नाही. रिक्षाच्या अंतरावर पर्याय आहेत. पिशवी काढणं हे काही वेळा योग्यच ऑपरेशन असतं : गाठी फार मोठ्या आणि पुष्कळ असतील, इतर उपाय करून झाले असतील, किंवा बाईलाच आता या त्रासातून कायमचं सुटायचं असेल. पण ते ठरण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. गाठ नेमकी कुठे आहे आणि माझा त्रास तिच्यामुळेच आहे का? काहीच केलं नाही तर काय होईल? फक्त गाठ काढता येईल का, आणि तुम्ही ते ऑपरेशन नेहमी करता का? बीजांडकोश ठेवणार की काढणार? उत्तरं पटली नाहीत तर सोनोग्राफीचे कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं. धो-धो रक्तस्राव चालू नसेल तर या आजारात त्यासाठी आठवडाभर थांबायला सवड असते.